रंगाच्या डब्यांतला चहा

१२ ऑक्टोबर

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. अगं, आमच्या या दोन खोल्यांत भिंतींना कान नसतील, पण तुझ्या दादांना आहेत. आणि मला जे सांगायचंय ते त्यांच्यासमोर सांगता येत नाही.

तुझे दादा निवृत्त झाले तेव्हा त्यांना घड्याळ मिळालं, टाळ्या मिळाल्या, आणि मागोमाग टेम्पोतून खोकी आली. जन्मभर कंपनीत चहा चाखायची नोकरी केली आणि जिथून तिथून मूठभर, पसाभर सुटा चहा जमवला, तो सगळा ऑफिसातल्या कपाटात होता. तो आता आमच्या घरात. धुरकट वासाचा, सोनेरी टोकांचा, पांढरी लव असलेला. एक तर शेणाच्या गोवरीसारखी दाबलेली काळी चकती आहे, तिला हे 'म्हातारा' म्हणतात. आणि जो हिरवा चहा सगळ्यात लवकर बिघडतो त्याचं नाव 'चिमी'. हसू नकोस, तुझ्याच रागावरून ठेवलंय.

तर हा सगळा गोतावळा ठेवायचा कुठे? मी आधी जॅमच्या बरण्या धुऊन त्यांत भरला आणि खिडकीच्या फळीवर मांडला. उन्हात काय चमकत होत्या बरण्या! शिलाईला येणारी प्रत्येक बाई विचारायची. पण थोड्याच दिवसांत चिमी पिवळी पडली, वाळल्या गवतासारखी. मग फ्रीजमध्ये ठेवला. बाहेर काढला की पाकिटाला आतून घाम, आणि वर शेजारच्या अर्ध्या कांद्याचा वास. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला, तसं. चहाचं पान ज्याच्या शेजारी बसेल त्याचंच होतं, हे मला यांच्याशी संसार करूनही माहीत नव्हतं. डब्यांच्या मोठ्या दुकानात गेले, तर किमती ऐकून डोळे पांढरे झाले.

आता यांनी फर्मान काढलंय. "घरात चहा टिकत नाही. सगळ्याची चव गेली. देऊन टाकू ऑफिसला." त्यांच्या जागेवर आलेली त्यांची शिष्या जानेवारीत येऊन सगळा घेऊन जाणार. आणि बोलतात कसे, तर जुनी रद्दी द्यावी तसे.

चिमे, हा चहा गेला तर हा माणूस घरात नुसता एक खुर्ची म्हणून उरेल. आत्ताच उरल्यासारखा आहे. निवृत्त झाल्या झाल्या तापा-सर्दीने अंथरूण धरलं, त्यातून उठले ते असे मुके होऊनच. परवा गॅसवर दूध करपून काळंठिक्कर झालं, मी खालच्या दुकानातून धावत आले, आणि हे तिथेच शेजारी पेपर वाचत बसलेले. हल्ली चहात दोन दोन चमचे साखर घालतात. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्या हातातून साखरेची बरणी काढून घेणारा हा माणूस! म्हणे, थकवा जाणवतो.

मला हा चहा घरातच टिकवून दाखवायचाय. फार पैसे न घालता. तू दुकान सांभाळतेस, तुला चार युक्त्या ठाऊक असतील. सांग.

तुझी,
वहिनी

ता.क. या पत्राबद्दल दादांजवळ अवाक्षर नको.


२० ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. हिरव्या चहाचं नाव चिमी? दादाला सांग, बिघडायला मुळात चांगलं असावं लागतं. तो तर पहिल्यापासून कडूच.

आता कामाचं बोलू. तू अगदी योग्य माणसाला विचारलंस. बुटांच्या दुकानात माझा जन्म गेला. कातड्याचे वैरी तेच चहाचे वैरी, ओल, ऊन आणि ऊब. आम्ही भारीतला जोड कधी काचेत ठेवत नाही. काचेत ठेवतो तो फक्त गिऱ्हाइकाला भुलवायला, आणि तो उन्हाने फिका पडला की सेलमध्ये जातो. तुझ्या बरण्यांचं तेच झालं.

माझ्या दुकानाला लागून रंगांचं दुकान आहे. त्याच्याकडे रंग कालवायचे कोरे पत्र्याचे डबे असतात, रंगाचा थेंबही न लागलेले. झाकण चमच्याच्या दांड्याने उचकटावं लागतं, आणि एकदा ठोकून बसवलं की मुंगीची काय बिशाद आत जायची! उजेड नाही, हवा नाही. मी मागितले तर त्याने जवळजवळ फुकटातच दिले. त्याच्या चपट्या पायाला बसणारे बूट शोधून देणारी या गावात मी एकटीच आहे ना.

आणि डब्यांबरोबर एक पिशवी पाठवतेय, ती खास माझ्याकडून. बुटाच्या प्रत्येक खोक्यात ती ओल शोषणारी पुडी असते बघ, तशा साठवलेल्या पुड्या. एकेका डब्यात एकेक टाक आणि निश्चिंत झोप. मोठ्या दुकानांत याच पुड्या विकत घेतात लोक, वेडे!

दादाला म्हणावं, चहा टिकला नाही तर नाव बदलेन. तसं माझं नाव त्याने चहाला देऊन टाकलंच आहे.

तुझी,
चिमी


९ नोव्हेंबर

सौ. वन्सं यांस,

मी तुम्हाला वन्सं कधी म्हणते ते तुम्हाला ठाऊक आहे. रागावले की.

पण आधी गोड बोलते. डबे म्हणजे सोनं आहेत सोनं! धुतले, झाकणं उघडी ठेवून कोरड्या हवेत वाळवले, पत्र्याचा वास पार जाईपर्यंत. चहा पाकिटातच ठेवला, पाकीट दाबून हवा काढली, तोंड दुमडून कपड्याचा चिमटा लावला, आणि मग पाकीट डब्यात. डबे आतल्या खोलीतल्या कपाटात अगदी खालच्या कप्प्यात. ती भिंत सावलीची, गॅस दुसऱ्या टोकाला, आणि माझ्या मशीनच्या तेलाचा वासही तिथे पोचत नाही. पडद्याच्या अस्तराचं जाड कापड उरलं होतं, त्याचा कप्प्यावर पडदा शिवला. आधीच पिवळी पडलेली चिमी फार टिकायची नाहीच, तिला आधी पिऊन संपवायचं. आणि म्हाताऱ्याला मी डब्यात कोंडायला निघाले, तर तुझ्या दादांनी पेपरातून मान वर काढली. "त्याला कोंडू नकोस. त्याला श्वास लागतो." मग त्याला मातीच्या मडक्यात ठेवून वर पातळ फडकं बांधलं. कित्येक दिवसांनी यांच्या तोंडून चहाबद्दल मायेचा शब्द निघाला. मला इतकं बरं वाटलं की मडक्याकडेच बघत बसले.

आता तुमच्या पुड्या. माझ्या आईची शिकवण आहे, नवं औषध आधी एकाच रोपाला घालावं. म्हणून सोनेरी टोकांचा थोडा चहा वेगळ्या डब्यात काढला आणि त्या एकाच डब्यात पुड्या टाकल्या, चांगल्या चार-पाच. नशीब माझं! वरच्या मजल्यावरच्या नर्सताई ड्युटीवरून आल्या होत्या, त्यांना म्हटलं, बसा, सोनेरी टोकांचा चहा पाजते. त्यांनी एक घोट घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना रेचक दिलाय. मी चाखला. वन्सं, तो चहा नव्हता. नवे कोरे बूट उकळून प्यावेत तसं काहीतरी होतं! कातडं, डिंक, पॉलिश, सगळं. तुमच्या पुड्यांनी तुमचं दुकानच आणलं होतं बरोबर.

आणि तुझे दादा? त्यांनी आख्खा कप संपवला. वर म्हणाले, "छान टिकलाय. चिमीचे डबे कामाला आले."

नर्सताई गेल्यावर मी एकटीच हसत होते. म्हटलं, भाऊ असावा तर असा. बहिणीचं मन मोडू नये म्हणून बूट प्यायला!

बाकीचे डबे उत्तम आहेत. पण यांचं पालुपद तेच, "चव गेलीय, देऊन टाकू." आता काय करू? टिकवला तरी जाणारच का चहा?

तुझी,
वहिनी (राग गेला)


१६ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

आधी पदर पसरून माफी. पुड्या आमच्या खोक्यांत महिनोन् महिने नव्या जोडाला चिकटून असतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला तो वास येतच नाही गं, मी त्यातच राहते. नवरा म्हणतो, तुझ्या केसांनाही येतो.

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा मलाही भरून आलं. दादाने माझ्यासाठी बूट प्यायला! दुकानातल्या पोरींना वाचून दाखवलं. आणि वाचता वाचता मध्येच थबकले.

वहिनी, दादा माझं मन राखायला चहाबद्दल खोटं बोलेल? मी दहा वर्षांची असताना पहिल्यांदा चहा केला होता. त्याने एक घोट घेतला, उरलेला कप कुंडीत ओतला आणि मला तासभर व्याख्यान दिलं. मी रडत होते तरी थांबला नाही. माझ्या लग्नात, मांडवात, माझ्या सासऱ्यांना त्याने तोंडावर सांगितलं की तुमचा चहा उकळून मेलाय. तो देवाशी खोटं बोलेल, पोलिसांशी बोलेल, पण चहाबद्दल बोलणार नाही.

तुझं पहिलं पत्र काढून पुन्हा वाचलं. शेजारी दूध करपलं आणि तो पेपर वाचत बसला. चहात साखर घालतो, कारण गोड तेवढं जिभेला कळत असणार. ताप आणि सर्दी. आणि सगळ्याच चहांची चव एकदम गेली! वहिनी, इतके चहा एकाच दिवशी कसे बिघडतील? चहा नाही बिघडला. दादाचं नाक गेलंय.

आणि त्याने ते लपवलंय. म्हणून तर चहा घरातून घालवायला निघालाय. तो कपाटात दिसत राहणं त्याला सोसत नसेल.

एकदा खात्री करून घे. कशी ते तुझं तू बघ. आणि तो बुटांचा डबा फेकू नकोस. का ते मलाही सांगता येणार नाही, पण राहू दे.

तुझी,
चिमी


२ डिसेंबर

प्रिय चिमे,

पत्र वाचलं आणि मशीनवरचं काम तसंच सोडून बसले. इतकी वर्षं या माणसाबरोबर एका ताटात जेवतेय, आणि जे मला दिसायला हवं ते तुला तिकडे बसून दिसलं. मी नुसती डब्यांच्या मागे लागले होते.

खात्री करायला मी बूटपॉलिशची डबी उघडून त्यांच्या खुर्चीखाली ठेवली. मी आत कापड बेतत होते तर मला तिथवर वास येत होता. हे आपले शब्दकोडं सोडवतायत. मी जाऊन समोर बसले, डबी उचलून त्यांच्या नाकाशी धरली आणि म्हटलं, "काय आहे सांगा." डोळे डबीवर गेले, मग माझ्यावर. शब्दकोड्याची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

मग म्हणाले, "तुला कसं कळलं?"

म्हटलं, "तुमच्या बहिणीचे बूट प्यायलात."

चिमे, ते हसले, आणि हसता हसता रडले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "अगं, मी आयुष्यभर एवढंच केलं. मला दुसरं काही येत नाही. कपाट उघडलं की वाटतं, सगळे माझे मित्र बसलेत आणि कुणी ओळख दाखवत नाही." मी त्यांचा हात धरून बसले.

पण मी काही नुसती रडत बसणारी नाही, तुला ठाऊक आहे. दुसऱ्याच दिवशी नर्सताईंनी ओळखीच्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, खात्री देता येत नाही, पण अशा तापानंतर गेलेला वास पुष्कळांना परत येतो. नाकाला तालीम द्यावी लागते. रोज सकाळ-संध्याकाळ वेगवेगळे ठसठशीत वास घ्यायचे, न कंटाळता, आणि तो वास कसा असायचा ते मनात आठवायचं. त्यांनी चार वासांच्या बाटल्यांची नावं लिहून दिली. मी म्हटलं, बाई, आमच्या घरी बाटल्या नाहीत, पण कपाटभर चहा आहे, चालेल का? त्या म्हणाल्या, उत्तम!

घरी येऊन मी कमरेवर हात ठेवून सांगितलं, "जानेवारीपर्यंत हा चहा माझा. औषध आहे ते. शिष्या आली की मग बघू." यांनी पुष्कळ आढेवेढे घेतले. शिष्येला शब्द दिलाय, आता माघार घेतली तर कारण सांगावं लागेल, आणि ते तिला सांगायला जीभ उचलत नाही. मी ऐकूनच घेतलं नाही.

आता रोज आमची शाळा भरते. झाकण उचकटायचं, आधी यांनी हुंगायचं, मग मी. त्यांना काही येत नाही. मग मला विचारतात, "तुला काय येतं?" पहिल्या दिवशी मी म्हटलं, चहाचा वास येतो. कपाळाला हात लावला त्यांनी! आता मला शब्द सुचतात. सोनेरी टोकांचा, म्हणजे सुती कापडावर गरम इस्त्री फिरवली की येतो तो वास. पांढऱ्या लवेचा, म्हणजे नव्या वह्या. मी सांगितलं की हे डोळे मिटून बसतात आणि म्हणतात, "हो. हो. तसाच आहे तो." त्यांना तो माझ्या तोंडून येतो. इतकी वर्षं मी दूध-साखर घालून नुसता रंग पीत होते गं. आता मला त्यांच्यातला एकेक ओळखू येतो.

म्हाताऱ्याचा वास मात्र मला अजून सांगता येत नाही. ओल्या लाकडाचा म्हटलं तर हे नको म्हणतात.

नाकात मात्र अजून काही नाही. रोज संध्याकाळी डबे परत ठेवताना त्यांचं तोंड बघवत नाही.

तुझी,
वहिनी


१० डिसेंबर

वहिनी,

पत्र दुकानात वाचलं आणि एका गिऱ्हाइकाला दोन्ही उजव्या पायाचे बूट बांधून दिले. तो परत आला तेव्हाही मी रडत होते. बिचारा म्हणाला, "राहू दे ताई, एवढं मनाला लावून घेऊ नका."

दादाला माझा निरोप सांग. ज्याने दहा वर्षांच्या मुलीचा चहा कुंडीत ओतला, त्याला असं हातपाय गाळून बसायचा अधिकार नाही. आणि तुला सांगते, तू त्या शिष्येला दार उघडताना घाबरू नकोस. आधी चहा पाज. चहा टिकला की नाही ते तिच्या तोंडून येऊ दे. पुढचं पुढे.

सोडू नकोस गं. केस पांढरे होतील तोवर हुंगायला लाव त्याला. झालेच आहेत म्हणा.

चिमी


२१ जानेवारी

चिमे, गधडे,

अनेक आशीर्वाद. अक्षर ओळखलंस का? वहिनीचं नाही, माझं आहे. ती पेन हिसकावून घेतेय, पण ही हकिकत मीच लिहिणार. तुझी सगळी पत्रं मी वाचली आहेत, तिनेच काल माझ्यापुढे ठेवली. कुंडीचं तू अजून मनात ठेवलंयस? तो चहा खरोखर भयंकर होता.

काल शिष्या आली. मोठी पिशवी, दोन खोकी, बरोबर ऑफिसचा ड्रायव्हर. तुझ्या वहिनीने त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि एकेक डबा काढून चहा करायला घेतला. मी खिडकीशी उभा होतो. माझ्याकडे कुणी बघू नये असं वाटत होतं.

शिष्येने पहिला घोट ओढला, आम्ही ओढतो तसा, मोठ्ठा आवाज करून. थांबली. दुसरा कप, तिसरा. मग कप खाली ठेवून म्हणाली, "सर, हा तुमचा गेल्या वर्षीचाच साठा आहे ना? आमच्या नमुन्यांच्या खोलीतला याहून शिळा लागतो. कुणी ठेवला?" मी तुझ्या वहिनीकडे बोट दाखवलं. तिने पडदा सारून कप्पा दाखवला. रंगाचे डबे पाहून शिष्या जमिनीवरच बसली आणि झाकणं उघडून उघडून बघायला लागली. तुझ्या शेजारच्या रंगवाल्याचा पत्ता घेऊन ठेवलाय तिने, ऑफिसला तसले डबे मागवणार आहे. आणि तुझी वहिनी, जिला मी जन्मभर चहातलं काही कळत नाही म्हणत आलो, ती माझ्या शिष्येला सांगत होती, "हा इस्त्रीचा, हा वह्यांचा," आणि शिष्या मान डोलवत होती. म्हाताऱ्याचं फडकं सोडून वहिनीने नाक आत घातलं आणि म्हणाली, "सापडलं! जुन्या ट्रंकेतल्या लोकरीचा." चिमे, तोच. अगदी तोच आहे तो. मला इतका अभिमान वाटला की मी माझं दुःख विसरलो.

मग डबे खोक्यात भरायची वेळ आली. शब्द दिलेला, मागे घेता येईना. म्हटलं, मीच देतो एकेक हाताने. जुनी सवय, देण्याआधी झाकण उघडायचं, नाकाखालून फिरवायचं आणि बंद करायचं. एक दिला, दुसरा दिला. काही नाही, नेहमीसारखंच. मग कप्प्यात अगदी मागे एक डबा होता, चिठ्ठी न लावलेला. तोही उघडला.

चिमे, मी ओरडलो. "हा कुणी ठेवला? शी! काय घाण वास मारतोय! नव्या बुटाचा!"

तुझ्या वहिनीच्या हातातली किटली तशीच वर राहिली. मी आपला रागातच, "कातडं आणि डिंक! एवढ्या सुंदर चहात!" आणि मग माझं मलाच कळलं मी काय बोलतोय ते. पुन्हा नाक घातलं आत. पुन्हा आला. वहिनीने किटली खाली ठेवली आणि रडायलाच लागली. ड्रायव्हर बिचारा म्हणाला, "साहेब, मी बूट बाहेर काढलेत!"

मग मी शिष्येला सगळं सांगितलं. नाक कसं गेलं, कसं लपवलं, सगळं. जी गोष्ट सांगायला जीभ उचलत नव्हती ती नाचत नाचत सांगितली. तिने काय केलं माहितीय? खोक्यातले डबे काढून एकेक करून कप्प्यात परत ठेवले. म्हणाली, "सर, मी औषध कसं नेऊ?" आणि मडक्यातला म्हातारा तेवढा नखाने खरवडून मूठभर घेऊन गेली, आठवण म्हणून. आता दर महिन्याला येणार आहे, आमच्या दोघांबरोबर चाखायला.

आज सकाळी सोनेरी टोकांचा डबा उघडला. आधी काही नाही. मग अगदी लांबून, जणू पलीकडच्या खोलीत कुणी इस्त्री करतंय, तेवढाच. पण आला. साखर बंद केलीय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकदा वाट सापडली की बाकीचे हळूहळू येतात. न आले तरी मी आता डगमगणार नाही. एक नाक माझं आणि एक तुझ्या वहिनीचं, मिळून चालवू.

तू येशील तेव्हा चहा मी करेन. तू फक्त कपाटापासून लांब बस.

तुझा बुटांचा डबा मात्र कपाटातून काढलाय. त्याला गॅलरीत वेगळी फळी ठोकून दिलीय, बाकीच्यांना गुण लागायला नको. सकाळी उठल्यावर तोंड धुवायच्या आधी मी जाऊन त्याचं झाकण उचकटतो. अजून तितकाच घाण वास येतो. देवाशपथ सांगतो चिमे, इतका सुंदर वास मी आयुष्यात घेतला नाही.

तुझा,
दादा